अफूच्या पेट्या आणि मुंबईचे वैभव

व्यसनाचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा व्यसनाधीनाकडे जाते. माल पुरविणाऱ्याकडे क्वचितच. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. तेथे तिच्यावर बंदी असल्याने ती चोरवाटांनी किनाऱ्यावर उतरे. या व्यापारात जमशेटजी जीजीभाई होते, तसेच जैन समाजाचे अग्रणी शेठ मोतीशहाही होते. १८३४ मध्ये मुक्या जनावरांसाठी स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरापोळामागे याच दोघांचे औदार्य होते. त्यांची जीवदया खरी होती, यात शंका नाही. मात्र चीनमधील अफूबाजांच्या घरांपर्यंत ती पोहोचली नाही. त्या काळी हा व्यापार प्रतिष्ठितच गणला जाई. कंपनी सरकारही माळव्याच्या प्रत्येक पेटीवर परवाना शुल्क घेई : १८३५ मध्ये १२५ रुपये, १८४७ मध्ये ४०० रुपये.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन त्सेशू यांनी २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेऊन मीठ-चुन्याच्या पाण्यात नष्ट करविल्या. त्यांत मुंबईचा मालही होता. त्यावरून युद्ध पेटले, चीन हरला आणि माळव्याच्या पेट्या पूर्ववत मुंबई बंदरात येत राहिल्या. चीनकडे होणारी ही निर्यात थांबण्यास १९१३ साल उजाडावे लागले.