पेज आणि पांजणी

भिवंडीचा इतिहास सांगणारे बहुधा मागापासून आरंभ करतात. माझ्या मते तो चुलीवरच्या पातेल्यापासून करावा. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेली विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली, त्यांतील काहींनी मालेगावास, तर काहींनी कामवारी नदीकाठच्या या कसब्यात हातमाग मांडले. आणि त्यांच्या हुन्नरातील पहिले काम, म्हणजे ताण्याला खळ पाजण्याचे, ज्यास जुन्या मराठीत पांजणी म्हणतात, ते भोवतालच्या भाताच्या मुलखात घरोघर शिजणाऱ्या पेजेचेच भावंड होते.

तांदळाचे वा गव्हाचे पीठ पाण्यात कालवून तापवले, की साधारण सत्तर अंशांच्या आसपास पिष्टकण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि द्रव दाट, चिकट होतो. तो थंड केला तरी कोरडे पीठ पुन्हा हाती येत नाही. जे परत फिरवता येत नाही ते रासायनिक, असा जो सोपा नियम शाळेत मुखोद्गत करवला जातो, तो येथे चक्क चुकतो, आणि तो आजही शिकवला जावा याचे मला मनापासून वाईट वाटते. निवलेल्या खळीवर आयोडिनचा थेंब टाकावा, तो कच्च्या पिठाप्रमाणेच निळा होतो. पिष्टाच्या साखळ्या शाबूत असतात, मोडते ती केवळ त्यांची मांडणी. याउलट त्याच पिठाची भाकरी तव्यावर भाजताना पडणारे तपकिरी डाग, ज्यांची उकल फ्रेंच रसायनज्ञ मायार याने १९१२ मध्ये आरंभिली, हे खऱ्या अर्थाने नव्या पदार्थांचे जन्मस्थान होय. तो गंध पिठात मुळी नव्हताच. नवे द्रव्य निर्माण झाले की नाही, एवढाच प्रश्न विचारावा.

१९३० च्या सुमारास यंत्रमाग आले, धाग्यावरचे घर्षण वाढले आणि खळीची गरज अधिकच तीव्र झाली. सायझिंगचे स्वतंत्र कारखाने त्यातूनच निघाले. परंतु विणून झालेल्या थानावर खळ राहिली तर रंग सारखा बसत नाही, म्हणून जी पाजली ती काढणे भाग पडते, आणि येथे मात्र साखळी तुटते. पिष्टापासून साखर होते हे किर्चॉफने १८११ मध्ये आम्लाच्या साह्याने दाखवले. १८३३ मध्ये पायेन व पेर्सो यांनी मोड आलेल्या धान्यातील, हेच कार्य करणारे द्रव्य वेगळे काढले. भाताचा घास बराच वेळ चावला असता गोड लागतो, तो आपल्या लाळेतील अशाच द्रव्यामुळे. अशा द्रव्याने खळ पाण्यात विरघळण्याजोगी होते, आणि ती गेली की नाही हे पाहण्यास थानावर आयोडिनचाच थेंब टाकतात. तो निळा झाला, तर थान पुन्हा हौदात जाते.