मेलबोर्नचे तीन गोल

श्रोतेहो, भाताची कापणी झाली आणि शेत मोकळे पडले, की गावातल्या पोरांना मैदान मिळते. पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याच्या आसपासची शेते आता खारघर शहराच्या पोटात गेली. पण चेंडू दिसला की धावणारी पोरे काही बदलली नाहीत. तुम्ही शिक्षक असाल तर तुम्हाला हे सांगायला नकोच. संघ पाडायला उभे राहिले की गोल राखायला कोणी तयार नसतो. जो तो म्हणतो, "मी पुढे खेळणार!"

असाच पुढे खेळणाऱ्या एका गड्याची हकीकत आज सांगतो. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२ सालचा, गोव्यातल्या बार्देशातल्या आसगावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि ते १९६१ च्या डिसेंबरात संपले. म्हणजे हा गडी भारताचा पोशाख घालून परदेशी खेळला, तेव्हा त्याचे जन्मगाव अजून भारतात आलेले नव्हते. ही गोष्ट इतिहास शिकवताना मुलांना जरूर सांगावी.

नेव्हिल नावारूपाला आला तो मुंबईत, टाटांच्या संघातून. आता हे टाटांचे संघ म्हणजे काय? त्या काळी आपल्याकडे निव्वळ फुटबॉलवर पोट भरत नसे. मुंबईत संघ असत ते कंपन्यांचे, रेल्वेचे, पोलिसांचे. नोकरी द्यायची आणि खेळाडूने त्या नावाने खेळायचे, असा तो व्यवहार. इटलीसारख्या देशात वरच्या वर्गापासून खालच्या वर्गापर्यंत संघांची उतरंड असे. खालच्या वर्गातला संघ चांगला खेळला की पुढल्या वर्षी एक पायरी वर चढे, आणि त्याच्याबरोबर त्याचा आघाडीचा गडीही चढे. आपल्याकडे अशी शिडीच नव्हती. मुंबईची साखळी स्पर्धा, कूपरेजवरचा रोव्हर्स चषक, प्रांताप्रांतांचा संतोष करंडक, एवढ्यातच काय ते दाखवायचे. १९५४ चा संतोष करंडक मुंबईने जिंकला, त्या संघात नेव्हिल होता.

मग आले १९५६ साल आणि मेलबोर्नचे ऑलिंपिक. त्याआधी चार वर्षे, हेलसिंकीला, युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असे लोळवले होते. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्या हारीनंतर बूट घालणे सक्तीचे झाले. मेलबोर्नला गेलेल्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर, बरं का! मुलांचा जो पाय दुबळा, त्याच पायाने खेळायचे असे सामने ते भरवीत. उजव्याची सवय असेल तर डाव्याने मारायचे! हा प्रयोग तुमच्या शाळेत करून पाहा, त्याला पैसा लागत नाही.

पहिली फेरी आपल्याला न खेळताच मिळाली, कारण हंगेरीचा संघ आलाच नाही. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच अंगणात. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाने फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. तोही त्यांनी फेडला. विश्रांतीला बरोबरी. पुन्हा खेळ सुरू झाला आणि पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलनेच तिसरा गोल केला! पुढे किट्टूने चौथा घातला आणि सामना आपण चार विरुद्ध दोन असा जिंकला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलचे नाव घेतले जाते.

तीन दिवसांनी उपांत्य सामना, आणि समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल करून भारताला पुढे नेले! पण ही आघाडी दोन मिनिटेच टिकली, आणि शेवटी आपण चार विरुद्ध एक असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने तीन गोलांनी हरवले. आपण चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने त्याहून वरची जागा कधी मिळवलेली नाही. नेव्हिलचे एकूण गोल चार. त्या स्पर्धेत चाराहून जास्त गोल कोणाचेच नव्हते.

एवढे केल्यावर तो कोठे गेला? परत मुंबईच्या साखळीत. वर चढायला पुढची पायरीच नव्हती. देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू झाली ती १९९६ साली. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ पासून निघाला. रहीमसाहेबांच्या कितीतरी शिष्यांना तो मिळाला, नेव्हिलला नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, तो वारला. रहीमसाहेबांवर २०२४ साली चित्रपट निघाला आणि त्यांचे नाव नव्या पिढीला कळले. नेव्हिलचे नाव मात्र आजही फुटबॉलवेड्यांनाच तेवढे ठाऊक आहे.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुलांना हे सांगताना नुसते तीन गोल सांगू नका. दहापासून चारापर्यंत आलेली युगोस्लाव्हियाची हारही सांगा. चार वर्षांत तेवढी मजल मारली ती बुटांनी, सरावाने आणि एका शाळामास्तराच्या चिकाटीने. आणि उद्या एखादा पोरगा म्हणाला, "मी पुढे खेळणार," तर त्याला अडवू नका. एवढेच सांगा, की बाबा, चेंडू तुझ्यापर्यंत कोणी आणला, ते विसरू नकोस. आणि तुम्ही, आम्ही, मोठ्या माणसांनी दुसरी गोष्ट विसरू नये: पोराने गोल केल्यावर त्याला चढायला पुढची पायरी आपण बांधली आहे का?