मिशनऱ्यांचा छापखाना आणि मराठी श्रोता

बत्तीस शिराळ्याचें नांव निघतांच बहुतेकांस तेथील नागपंचमी आठवते. परंतु वारणेच्या खोऱ्यांतील या गांवाची आणखीही एक ओळख आहे. येथें गोरक्षनाथाचें स्थान आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक मारुतिही येथेंच आहे. नाथपंथी जोगी, रामदासी, वारकरी या सर्वांनीं आपापला संदेश या मुलखांत पायीं चालत आणला आणि गाऊन सांगितला. येथील कुणब्यास अक्षरओळख नसली, तरी ओवी कोठें अडखळली हें त्याचा कान तत्काळ सांगे.

एकोणिसाव्या शतकांत या श्रोत्याभोवतीं ख्रिस्ती मिशनांचीं ठाणीं उभीं राहूं लागलीं. अमेरिकन मिशनचें ठाणें साताऱ्यास १८४९ मध्यें पडलें. १८५२ सालीं रेव्हरंड रॉयल वाइल्डर कोल्हापुरास आले. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांचें रुग्णालय १८९४ त सुरू झालें. शिराळा तेव्हां सातारा जिल्ह्यांत मोडे; दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला तो १९४९ त, व त्यास सांगली हें नांव मिळालें १९६० त. ज्यांचे कान शतकानुशतकें असे तयार झाले होते, त्यांच्यापुढें परक्या मुखानें परका धर्म सांगावयाचा कसा, हाच या मंडळींपुढील खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधतांना त्यांनीं जीं साधनें निर्माण केलीं, त्यांची कथा केवळ धर्मांतराची नव्हे. ती आपल्या भाषेच्या इतिहासाचाही भाग आहे.

हा प्रश्न ज्यानें फार पूर्वीं ओळखला, तो गोव्यांतील फादर स्टीफन्स. १५७९ त तेथें आलेल्या या इंग्रज जेझुइटानें येशूचें चरित्र सुमारें अकरा हजार ओव्यांत रचिलें. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, तेंही रोमन लिपींत, कारण नागरीचे खिळे तेव्हां उपलब्ध नव्हते. लिपि परकी राहिली. छंद मात्र ज्ञानेश्वर-एकनाथांचा होता, आणि म्हणूनच तें काव्य श्रोत्यांच्या मनांत टिकलें.

पुढील मिशनऱ्यांनीं उलट वाट धरली. त्यांनीं प्रथम लिपि साधली, कान मागाहून. बंगालमधील सेरामपूर येथें विल्यम केरी यांनीं वैजनाथ शर्मा या पंडिताच्या साह्यानें १८०५ त मराठी व्याकरण आणि १८१० त मोडी लिपींत कोश प्रसिद्ध केला. मुंबईस १८१३ त गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट उतरले. थोड्याच वर्षांत त्यांच्या अमेरिकन मिशनचा छापखाना चालूं लागला, व १८२६ त नवा करार मराठींत निघाला. त्याच वर्षीं हॉल फिरतीवर असतां पटकीनें वारले. जत्रेंत, बाजारांत, धर्मशाळेंत पत्रकें वाटीत हिंडणें हा या उपदेशकांचा नित्यक्रम होता. पण पंडित शेजारीं बसवून केलेलें भाषांतर मुळाशीं जुळलें, म्हणजे तें मराठी कानास गोड लागेलच असें नाहीं. त्यांतच आपल्या देवतांची निंदा व चालीरीतींची टवाळी आली. तिनें लोकांचीं मनें दुखावलीं, आणि तें दुःख खोटें होतें असें कोणीं म्हणूं नये.

परंतु येथेंच इतिहासाची गंमत दिसते. साधन कोणाच्याही मालकीचें राहत नाहीं. मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा छापखाना उभारला, आणि १८३१ त त्यांनीं काय छापलें? मराठी पंचांग! लहानपणीं त्याच मिशनच्या छापखान्यांत खिळे घासणारे जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर काढला, आणि शुद्ध संस्कृत ग्रंथांसाठीं तो देशभर नांवाजला. मिशननें १८४२ त अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू केला; त्यांत धर्मोपदेशाबरोबर भूगोल व सृष्टिज्ञानही येई. जॉन विल्सन यांच्याशीं पूर्वीं वाद घातलेल्या मोरभट दांडेकरांनीं १८४४ त ‘उपदेशचंद्रिका’ काढून नियतकालिकास नियतकालिकानेंच उत्तर दिलें. १८५७ त विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारीं मिशनऱ्यांशीं जाहीर वाद करीत होते. त्याच वर्षीं बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या दुःखाची कादंबरी प्रसिद्ध झाली. खंडन असो वा मंडन, दोहोंमुळें मराठी गद्यास युक्तिवादाची संवय जडली.

मिशनांसही आपली उणीव हळूहळू उमगली. नगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. स्टीफन्सची विसरलेली वाट पुन्हां सांपडली. तिच्यावरून सर्वांत दूर गेले ते नारायण वामन टिळक. १८९५ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, १९१२ त ते ‘ज्ञानोदया’चे संपादक झाले, आणि ख्रिस्ताची भक्ति त्यांनीं अभंगांत गाइली. परंतु त्या धर्मांतराचें मोल घरानें दिलें. पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनीं तो दाह सोसला आणि शेवटीं स्वतः विचार करून तोच धर्म स्वीकारला. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ आज कोणत्याही धर्माचें घर आपलीं म्हणून वाचतें. हजारों पत्रकांनीं जें साधलें नाहीं, तें एका बाईच्या घरगुती मराठीनें साधलें. तिनें कोणासच बाटविलें नाहीं, पण वाचणाऱ्यास समजूतदार केलें.

पंडिता रमाबाईंनींही हेंच ओळखलें होतें. साध्या बायाबापड्यांस कळावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचें स्वतंत्र भाषांतर केलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले, आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ त, तें प्रसिद्ध झालें. साधनें पुढेंही पालटत गेलीं. लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा येशूचरित्राचा चित्रपट मराठींत उतरला, आणि आतां तो हातांतील मोबाइलवर पाहतां येतो.

साधन कितीही वेगवान झालें तरी जुनी कसोटी चुकत नाहीं. ऐकणाऱ्याच्या श्रद्धेस हिणवून बोललेला शब्द प्रतिपक्षाचा छापखाना तेवढा उभा करून जातो. त्याच्या छंदांत, त्याच्या घरच्या भाषेंत बोललेला शब्द धर्म पालटो वा न पालटो, भाषेंत घर करून राहतो. म्हणूनच मिशनऱ्यांचा हेतु न विसरतां आणि त्यांनीं दिलेली जखम न लपवितां, त्यांच्या खिळ्यांचें ऋण आपण मान्य करावें. तें ऋण फेडलें आहे तें आपल्या लोकांनींच, त्याच खिळ्यांनीं आपलीं पंचांगें, आपले ग्रंथ आणि आपलीं उत्तरें छापून.