गँबुसिया

पोसिलिइडी कुलातील लहान माशांची प्रजाती. गप्पी हा याच कुलातला. क्यूबाचे प्राणिशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांनी ही प्रजाती 1854 मध्ये स्थापली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे येथील गोड्या आणि मचूळ पाण्यात तिच्या चाळीसहून अधिक जाती आढळतात.

तोंड वर वळलेले असल्याने हा मासा पाण्याच्या पृष्ठालगतचे भक्ष्य सहज टिपतो. मादी सहा-सात सेंमी.पर्यंत वाढते, नर बराच लहान असतो. नराच्या गुदपक्षाचे पुढचे अर लांबून त्यांची नळीसारखी खोबण बनते व तिच्यावाटे शुक्रजंतू मादीच्या शरीरात जातात. त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म आकडे व दाते जातीगणिक वेगळे असतात. जात ओळखण्याची खात्रीची खूण हीच. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. मादी अंडी न घालता पिल्ले प्रसवते.

गँ. ॲफिनिस व गँ. होलब्रुकी या पूर्वी एकाच जातीच्या उपजाती मानल्या जात. जुन्या नोंदींत त्यांची सरमिसळ आहे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विसाव्या शतकात त्या जगभर सोडल्या गेल्या. हवाईत 1905 मध्ये टेक्ससहून मासे नेले; भारतात ते 1928 च्या सुमारास इटलीहून आले. महाराष्ट्रातही हिवताप नियंत्रणासाठी विहिरी व हौदांत त्यांचा वापर झाला. त्यांच्या उपयुक्ततेबद्दल मतभेद आहेत. स्थानिक माशांची अंडी-पिल्ले आणि बेडकांचे भैकेर ते खातात, हे मात्र निर्विवाद.

या दोन जातींच्या ख्यातीमुळे प्रजातीतील दुर्मीळ जाती झाकोळल्या. टेक्ससमधील गुडइनफ झऱ्यातली गँ. अमिस्टाडेन्सिस 1968 मध्ये अमिस्टाड धरणाच्या जलाशयाने झरा बुडवल्यावर निसर्गातून गेली. तिचे शास्त्रीय वर्णन 1973 मध्ये झाले. पुढे पाळलेल्या माशांच्या टाक्यांत गँ. ॲफिनिस शिरली आणि तो वंशही संपला. सॅन मार्कोस नदीतली गँ. जॉर्जिआय 1983 नंतर निसर्गात सापडली नाही. 2023 मध्ये ती नामशेष म्हणून जाहीर झाली. बिग बेंडच्या गँ. गेजीचे मूळ झऱ्यातले मासे झरा आटल्याने गेले. दुसऱ्या ठिकाणच्या माशांवर गँ. ॲफिनिसने कुरघोडी केली. 1950 च्या दशकात दोन नर व एक मादी एवढेच उरले. आजचे सर्व मासे त्यांचे वंशज आहेत. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानातील राखीव तळ्यांत ते जपले जातात.

आर्थिक महत्त्व : खाद्य म्हणून नाही.