वाटसरूंच्या गावातला पायी माणूस

पनवेलच्या रस्त्यांचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते: जुने गाव, अरुंद आळ्या, एवढी वाहने मावणार कुठे? मग रुंदीकरण, उड्डाणपूल, वळणरस्ता असे एकेक उपाय पुढे येतात. गावातून पायी जाणाऱ्या शाळकरी पोराचा किंवा सायकलवरून दूध टाकणाऱ्याचा विचार या यादीत फार तर शेवटी येतो. गेल्या दोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर मात्र दोष अरुंद आळ्यांकडे जात नाही. पनवेलला मिळालेला जवळजवळ प्रत्येक मोठा रस्ता पनवेलमधून पुढे जाणाऱ्यासाठी बांधला गेला. त्या पुढे जाणाऱ्याचा वेग वाढत गेला, हळूहळू गावात शिरला, आणि गावानेही तो आपलाच म्हणून स्वीकारला. धोक्याचे मूळ तिथे आहे.

मुंबई बेट आणि घाटमाथा यांच्यामध्ये खाडी आहे आणि भोर घाट आहे. भरतीच्या पाण्यावर मचवा जिथवर येऊ शकतो आणि जिथून पुढे बैल घाटाकडे निघू शकतो, असे ठिकाण म्हणजे पनवेल. देशावरून वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन उतरत आणि मिठागरांतले मीठ लादून परत चढत. 1804 मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून घाटाची वाट दुरुस्त करून घेतली. 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते भोर घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल ते पुणे चाकावर जाता येऊ लागले. मुंबईहून निघालेला माणूस बोटीने पनवेलला उतरे आणि इथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून पुढे जाई. म्हणजे वर्दळ तेव्हाही मोठी होती, आणि ती मुख्यतः परक्यांचीच होती. तरीही रस्ता कोणाच्या जिवावर उठत नव्हता, कारण पालखीचे भोई, लमाणी बैल, लादलेली गाडी आणि पाटी घेऊन निघालेली कोळीण यांची चाल जवळपास सारखीच होती. गर्दी असे, धक्काबुक्की असे, चिखल तर असेच असे. पण ताशी चार-पाच किलोमीटर चालणारी गाडी माणसाला चिरडण्याआधी त्याला बाजूला व्हायला वेळ देते.

रेल्वेने पनवेलला वाऱ्यावर सोडले. लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला. 1856 मध्ये तो खोपोलीला पोहोचला, 1863 मध्ये भोर घाट चढून गेला, आणि मुंबई-पुणे प्रवासातून पनवेलचे नाव पुसले गेले. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळायला पुढे शंभर वर्षे लागली. स्थानिक इतिहासात हा काळ पडझडीचा म्हणून सांगितला जातो आणि बंदराच्या धंद्यापुरते ते खरेही आहे. मला मात्र हा काळ वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. पुढे जाणाऱ्यांचा मोठा लोंढा आटल्यावर गाव आणि रस्ता यांची सांगड पहिल्यांदाच नीट बसली. 1850 च्या 26 व्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा दिली होती आणि त्याचा लाभ घेऊन 1852 मध्येच पनवेलने नगरपालिका उभी केली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. रस्ते, दिवाबत्ती, सफाई ही तिची कामे. गाड्यांची चाके बनवण्याच्या धंद्यासाठी पनवेल ओळखले जाई. 1872 मध्ये इथेच धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला. कापड बाजार, मिरची गल्ली, वडाळे तळ्याच्या अंगाने वाढलेली वस्ती हे सगळे चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मापाने बेतलेले आहे: दुकानाचा ओटा रस्त्याला लागून, दोन्ही बाजूंची दुकाने एकाच नजरेत, आणि गल्ली एवढीच रुंद की समोरच्या दुकानदाराशी बोलता यावे. आज ज्याला आपण अरुंदपणा म्हणतो तो त्या काळी नीट चालणारा बाजार होता.

मोटारीने वाटसरू परत आणले. मुंबई-पुणे मोटाररस्ता ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घेत पनवेलला येई आणि तिथून घाटाकडे जाई. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला, वळसा संपला आणि सायन-पनवेल रस्ता मुंबईचे मुख्य दार बनला. गोव्याचा महामार्गही पनवेलजवळच्या पळस्प्याहून फुटतो. त्यामुळे कोकणात जाणारी आणि देशावर जाणारी अशी दोन्ही एसटी पनवेलच्या स्थानकात थांबू लागली. 1989 मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनर ट्रेलर आले. यातले काहीही पनवेलकराच्या बाजारहाटासाठी नव्हते. तरी गावाचा नकाशा त्यानेच बदलला: जुने पनवेल आणि रेल्वे स्थानक यांच्यामधून महामार्ग धावू लागला, आणि घरून स्थानकाकडे चालत निघालेल्या माणसाला रोज पुण्याची वाहतूक ओलांडावी लागू लागली.

यावरचे सर्वांत भारदस्त उत्तर म्हणजे द्रुतगती मार्ग. 2002 मध्ये तो पूर्ण झाला, कळंबोलीहून सुरू होऊन गावाच्या बाहेरून गेला, आणि त्यावर पादचारी, दुचाकी, तिचाकी यांना मज्जाव झाला. युक्तिवाद सरळ होता: लांब पल्ल्याची वाहने बाहेर गेली की गाव मोकळे होईल. लांब पल्ल्याची बरीच वाहने खरेच गेली. पण मोकळी झालेली जागा गावात वाढलेल्या मोटारी आणि मोटारसायकलींनी भरून काढली. वळणरस्ता निरुपयोगी होता असे मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय हाल झाले असते. मात्र त्याच्याबरोबर जे दुसरे काम व्हायला हवे होते ते झालेच नाही. पायी माणसाला जिथे बंदी आहे असा रस्ता आपण कायद्याने बांधून घेतला. मोटारीने जिथे माणसाच्या चालीने यावे असा रस्ता मात्र पनवेलमध्ये एकही ठरवला नाही. वाटणीत एकाच भावाच्या नावे सातबारा झाला.

वेगावर एवढा भर का, याला आकडे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी सुमारे 33 हजार पायी चालणारी होती, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. पोलिसांच्या नोंदीत कारण लिहिण्याची पद्धत ढोबळ असते, हे मान्य करूनही यामागचे गणित बदलत नाही: वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी 30 किलोमीटरने आलेल्या गाडीखाली सापडलेली बहुतेक माणसे वाचतात. 50 च्या पुढे ती शक्यता झपाट्याने घसरते. या गणितात रस्त्याची रुंदी कुठेच नाही. रुंदी येते ती चालकाच्या मनात, कारण मोकळा रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो.

हे ताडून पाहायला पनवेल ही फार चांगली जागा आहे, कारण रुळांच्या एका बाजूला आळ्यांचे गाव आहे आणि दुसऱ्या बाजूला आखीव शहर. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हे सगळे कोऱ्या कागदावर आखले गेले. तिथे रस्ते रुंद आहेत, पदपथ आहेत, झाडेही आहेत. अरुंदपणा हाच रोग असता तर तिथे तो नसायला हवा होता. प्रत्यक्षात रुंद चौक ओलांडणे हीच तिथली भीती आहे: एका दमात पार करावे लागणारे अंतर मोठे, वळणे इतकी सैल की गाडीला वेग कमी करावाच लागत नाही, आणि पदपथ प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तुटलेला. म्हाताऱ्या माणसाला फूटभर उंचीचा पदपथ पन्नास वेळा चढण्या-उतरण्यापेक्षा डांबरावरून चालणे सोपे वाटते, यात त्याची बेशिस्त कुठे आली? इंडियन रोड काँग्रेसचे 2012 चे निकष पदपथाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायची मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी, असे सांगतात. जुन्या गावातल्या गल्लीत तेवढी जागा निघणार नाही हे उघड आहे. पण गल्लीत वाहन ताशी 15 च्या वर जाऊच शकणार नाही अशी रचना केली, तर पदपथाची गरजच उरत नाही. सगळी गल्लीच पदपथ होते, जशी ती शंभर वर्षांपूर्वी होती.

सायकलचा इतिहास याहून खिन्न आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिका एके काळी सायकलींवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. दिवा नसला, डबलसीट घेतली, की दंड. एवढी दखल सायकलची शासनाने घेतली. तिच्यासाठी रस्त्याची एक वीतही राखून ठेवली नाही. पुण्यासारख्या, सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या शहरात तिचे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. पनवेलमध्ये सायकल चालवायची तर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात घाम, मग चालवणार कोण, असा आक्षेप निघतो. हा आक्षेप हौशी सायकलस्वाराला डोळ्यांपुढे ठेवून घेतला जातो. तळोजा औद्योगिक वसाहतीतला कामगार, पाळी संपवून घरी जाणारा पहारेकरी, पेपर टाकणारा पोरगा पाऊस पाहून सायकल काढत नाहीत. त्यांच्याकडे दुसरे काही नसते. ते पावसात जातातच, फक्त ट्रेलरच्या शेजारून जातात. मध्यमवर्ग सायकलीकडे परत वळेल का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

फेरीवाले आणि व्यापारी यांचे आक्षेप जास्त वजनदार आहेत. पदपथ फेरीवाल्यांनी अडवले म्हणून लोक रस्त्यावर उतरतात, हे दिसतेच. पण भाजीवालीकडे येणारे गिऱ्हाईक बहुतेक पायीच येते, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्याने तिची जागा ठरवून देण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली आहे. पदपथावर चढवलेल्या मोटारसायकलींना असा कोणताही कायदेशीर हक्क नाही, तरी कारवाईची गाडी आधी भाजीच्या टोपलीपाशी थांबते. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की वाहन दारात आले नाही तर गिऱ्हाईक मॉलकडे जाईल. घाऊक मालाचा टेम्पो दुकानापर्यंत यायलाच हवा, हे त्यातले खरे. त्याला पहाटेची आणि रात्रीची वेळ बांधून देता येते. किरकोळ बाजाराबाबत मात्र स्पेनमधल्या पोंतेवेद्राचा अनुभव उलटा आहे. जेमतेम ऐंशी हजार वस्तीच्या त्या गावाने 1999 पासून मध्यवर्ती भागातून जाणारी वाहतूक बंद केली. ज्याचे तिथे काम आहे त्याला गाडी आणता येते, पण त्या रस्त्याने पुढे निसटता येत नाही. दुकाने ओस पडली नाहीत आणि रस्त्यांवरचे मृत्यू जवळजवळ थांबले. पनवेलला लागू पडणारा मुद्दा तोच: बंदी मोटारीवर नव्हती, आरपार जाण्यावर होती.

परदेशाचा दाखला पटत नसेल तर पनवेल तालुक्याच्या डोक्यावर माथेरान आहे. तिथे मोटारींना मनाई आहे, आणि धोदाणीची माणसे पनवेलच्या बाजूने डोंगर चढून आजही तिथे भाजी-दूध विकायला जातात. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण आहे, चालते गाव नव्हे, म्हणून तुलना फार ताणू नये. शिवाय मोटार नाही म्हणून माणसाने माणूस ओढायचा, हा हातरिक्षेचा कलंक त्या व्यवस्थेला चिकटलेला होता. एवढे मात्र त्यावरून दिसते की मोटारीची मर्यादा ठरवणे आपल्या मातीत अशक्य नाही. रायगड जिल्ह्यात ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे.

मग अडते कुठे? 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिका झाली, 29 गावे तिच्यात आली. पण रस्त्याची मालकी अजून वाटलेली आहे: महामार्ग एकाचा, वसाहतीतले रस्ते सिडकोकडून टप्प्याटप्प्याने आलेले, स्थानकाचे आवार रेल्वेचे, वाहतुकीचे नियमन नवी मुंबई पोलिसांचे. आळीतला वेग खाली आणायचा तर फलक आणि अधिसूचना पोलिसांकडून हवी आणि चढाव-उतार, गोलाई पालिकेने बांधायला हवी. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पादचारी आणि विनामोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या 21 व्या कलमाखालचा हक्क ठरवला. कायद्याची उणीव आता सांगता येणार नाही.

घाई करण्यासारखे एकच कारण आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू पनवेलच्या पश्चिमेला चिर्ल्याशी उतरला, ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. मचव्यापासून विमानापर्यंत सगळे प्रवास पनवेलच्या अंगावरून जातात आणि याही खेपेला विकास आराखड्यात जोडरस्ते, उन्नत मार्ग आणि रुंदीकरण यांनाच आधी जागा मिळेल. त्या आराखड्याच्या पहिल्या पानांवर एसटी स्थानक ते रेल्वे स्थानक हे पायी अंतर, कापड बाजारातून आरपार जाण्यावरची बंदी आणि शाळांभोवती ताशी 20 ची मर्यादा ही तीन कामे आली, तर त्यांचा खर्च एका उड्डाणपुलाच्या दोन खांबांएवढाही होणार नाही. त्यांतले कापड बाजाराचे काम तर नुसत्या अधिसूचनेने आणि चार लोखंडी खुंटांनी सुरू करता येते, आणि नाही जमले तर खुंट उपटूनही टाकता येतात.