बघायला गेलो आणि बिघडवून आलो : लास्कोच्या गुहेची गोष्ट

आजच्या भागात आपण फ्रान्सला चाललोय. पण पॅरिसला नाही. आयफेल टॉवरच्या रील्स तुम्ही भरपूर बघितल्या असतील. आपण जाणार आहोत फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, दॉर्दोन्य नावाच्या जिल्ह्यात. तिथे वेझेर नावाची एक संथ नदी आहे आणि तिच्या काठावर माँतिन्याक नावाचं गाव आहे. जुनी दगडी घरं, नदीवरचा पूल, आजूबाजूला ओकची झाडी. उन्हाळ्यात लोक इथे येतात, कनू भाड्याने घेतात आणि प्रवाहाबरोबर खाली जातात.

पण जगभरातून माणसं इथे येतात ती गावामागच्या टेकडीसाठी. या टेकडीच्या पोटात लास्कोची गुहा आहे. गंमत अशी, की जिच्यासाठी सगळे येतात ती गुहा 1963 पासून बंद आहे. आज एवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधूया : ती बंद का करावी लागली?

चार मुलं, एक भोक

सप्टेंबर 1940. जूनमध्येच फ्रान्स जर्मनीपुढे कोसळलाय. अर्ध्याहून जास्त देशात जर्मन सैन्य आहे. दॉर्दोन्यचा बहुतेक भाग मात्र त्या रेषेच्या अलीकडे, विशी सरकारच्या ताब्यात. लढाईमुळे घरदार सोडून आलेली माणसं या भागातल्या गावागावांत राहतायत.

माँतिन्याकमध्ये मार्सेल राविदा नावाचा 18 वर्षांचा पोरगा होता. मेकॅनिकचं काम शिकत होता. 8 सप्टेंबरला तो मित्रांबरोबर टेकडीवर फिरत असताना त्याचा कुत्रा, नाव रोबो, एका भोकापाशी घुटमळला. गावात एक आख्यायिका होती, की जुन्या वाड्याकडे जाणारं एक भुयार या टेकडीखाली आहे. भुयार म्हटलं की खजिना आलाच! पुढे वर्तमानपत्रांनी ही कुत्र्याची गोष्ट चांगलीच फुलवली. कुत्रा भोकात पडला, मालक त्याच्यामागे उतरला आणि गुहा सापडली, वगैरे. प्रत्यक्षात राविदा त्या दिवशी परत गेला आणि चार दिवसांनी, 12 सप्टेंबरला, तयारीने आला.

या वेळी बरोबर तीन जण होते, तिघंही त्याच्याहून लहान : झाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमों कोएन्कास. भोक मोठं केलं, घसरत आत गेले, दिवा वर धरला. आणि भिंतींवर बैल दिसले. घोडे दिसले. हरणं दिसली. छतापर्यंत!

त्यांनी आपल्या जुन्या मास्तरांना, लेओं लाव्हाल यांना सांगितलं. मास्तरांना आधी वाटलं, पोरं थट्टा करतायत. पण स्वतः आत उतरल्यावर त्यांची खात्री पटली. 21 सप्टेंबरला आंरी ब्रय हे प्रागैतिहासिक चित्रांचे मोठे जाणकार तिथे पोहोचले आणि चित्रं अस्सल असल्याचं त्यांनी सांगितलं. डिसेंबर संपायच्या आत सरकारने गुहेला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिलासुद्धा. तोवर राविदा आणि मार्साल यांनी गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकून पहारा दिला होता. कोणी आत जाऊन भिंतींना हात लावू नये म्हणून.

आणि सिमों? तो ज्यू होता. गुहा सापडल्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, 3 ऑक्टोबर 1940 रोजी, विशी सरकारने ज्यूंचे हक्क काढून घेणारा कायदा केला. सिमोंचं कुटुंब पॅरिसला परतलं होतं. पुढे त्यांना पकडण्यात आलं. आईवडील आउश्वित्झच्या छळछावणीत मारले गेले. सिमों वयाने लहान म्हणून वाचला. 2020 मध्ये तो वारला तेव्हा त्या चौघांतला तो शेवटचा होता. भिंतीवरचे बैल हजारो वर्षं सुखरूप होते, आणि ते शोधणाऱ्या मुलाचं घर दोन-चार वर्षांत उद्ध्वस्त झालं. लास्कोची गोष्ट सांगताना हा भाग बरेचदा गाळला जातो, म्हणून मुद्दाम सांगितला.

आत आहे तरी काय?

साधारण 17 ते 20 हजार वर्षांपूर्वीची चित्रं. म्हणजे शेती नाही, गावं नाहीत, लिपी नाही. युरोपात हिमयुग चालू आहे. अशा काळात माणसं दगडी दिव्यात चरबी जाळून या अंधारात शिरली. लाल-पिवळ्या रंगासाठी गेरूसारखी माती, काळ्यासाठी मँगनीजचं खनिज. काही ठिकाणी रंग तोंडाने किंवा नळीने फुंकून लावलाय. उंचावर पोहोचायला मचाण बांधलं असावं, कारण भिंतीत तशा खोबणी सापडल्या आहेत.

चितारलेल्या आकृत्या सुमारे 600, आणि कोरलेल्या त्याहून कितीतरी जास्त. सगळ्यात मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे. म्हणजे आपल्या साध्या कारपेक्षा मोठा!

आता एक कोडं. या लोकांनी जी हाडं मागे टाकली, त्यांत सर्वांत जास्त आहेत रेनडिअरची. म्हणजे रोजचं जेवण ते. पण सबंध गुहेत रेनडिअरचं चित्र किती? एक! घोडे मात्र शेकडो. म्हणजे ही मांसाची यादी नव्हती आणि नुसती शिकारीची नोंदही नव्हती. त्यांच्या मनात काहीतरी वेगळं होतं. काय होतं, यावर अभ्यासक आजही भांडतायत.

दिवसाला 1,200 माणसं

युद्ध संपलं आणि 1948 मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. त्यासाठी तोंड रुंद केलं, पायऱ्या बांधल्या, जमीन खोदून खाली नेली, विजेचे दिवे लावले. लोकांनी रांगा लावल्या. 1955 च्या सुमारास दिवसाला 1,200 पर्यंत माणसं आत जात होती. गावात हॉटेलं आली, दुकानं आली, रोजगार आला. शोध लावणाऱ्यांपैकी राविदा आणि मार्साल हेच गाइड झाले.

आता जरा विज्ञान. ही चित्रं इतकी टिकली का? तर दगडमातीच्या ढिगाऱ्याने गुहेचं तोंड जवळजवळ बुजलं होतं. आतलं तापमान, ओलावा, हवा, सगळं हजारो वर्षं जवळपास स्थिर. आपण तो ढिगारा काढला आणि आत माणसं सोडली. प्रत्येक माणूस बरोबर काय आणतो? अंगाची ऊब, श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. वाफ गार भिंतीवर थेंब होऊन बसते. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीचा दगड विरघळवायला लागतं. तोच चुना दुसरीकडे पांढऱ्या थराने साचतो. शिवाय बुटांबरोबर आलेले सूक्ष्मजीव, आणि त्यांना वाढायला विजेचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ दिसू लागलं.

लोकांनी या रोगांना नावंही दिली : हिरवा रोग आणि पांढरा रोग. कोणी हात लावला नव्हता, कोणी नाव कोरलं नव्हतं. लोक शिस्तीत आले, बघितलं आणि गेले. फक्त श्वास घेतला! आणि तेवढंच पुरलं.

1963 मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. विचार करा, गावाचं पोट ज्यावर चालतं तेच बंद. निर्णय सोपा नव्हता. पण तो घेतला गेला. मार्साल मात्र गुहेपाशीच राहिला. पाहुण्यांचा गाइड होता, तो आता गुहेचा राखणदार झाला.

पण बंद केली म्हणजे प्रश्न सुटला, असंही झालं नाही. 2001 मध्ये, हवा नियंत्रित करणारी नवी यंत्रणा बसवल्यानंतर, आत पांढरी बुरशी पसरली. तिला आवरायला जमिनीवर चुना टाकला, औषधं वापरली. मग काही वर्षांनी काळे डाग आले. आज संशोधकांनाही आत मोजकाच वेळ मिळतो. एकदा तोल बिघडला, की तो मूळपदावर आणणं किती अवघड असतं बघा.

मग लोक आता काय बघतात?

प्रतिकृती. 1983 मध्ये मूळ गुहेपासून 200 मीटरवर 'लास्को 2' उघडली. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने वर्षानुवर्षं राबून, जुन्या लोकांसारखेच रंग वापरून, मुख्य दालनं पुन्हा रंगवली. तिथेही इतकी गर्दी झाली, की टेकडीलाच तिचा त्रास होऊ लागला. म्हणून 2016 च्या डिसेंबरमध्ये टेकडीच्या पायथ्याशी 'लास्को 4' आली. (मधली 'लास्को 3' म्हणजे देशोदेशी फिरणारं प्रदर्शन.)

"छे, कॉपी बघायला एवढ्या लांब कोण जाणार?" असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या अजिंठ्याकडे बघा. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये 10 नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव खरवडलं. ते अजून तिथे आहे. पुढे निजामाच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावले. चित्रं वाचवण्यासाठी त्यांनी लाखेचं व्हार्निश दिलं. ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि चित्रंच झाकोळली. म्हणजे नुकसान करायला वाईट हेतू लागतोच असं नाही. म्हणून तर आज खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे थांबवतात. आणि तिथल्या पर्यटक केंद्रातही लेण्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत.

या खोऱ्यात गेलात तर

अस्सल काही बघायचंच असेल, तर वाव आहे. फाँ-द-गोमच्या गुहेत आजही खरी रंगीत चित्रं बघता येतात, पण रोज अगदी थोड्या लोकांना. रुफिन्याकच्या गुहेत विजेवरच्या छोट्या रेल्वेने आत जायचं आणि मॅमथ बघायचे. तिथल्या छतावर मॅमथच्या जोडीला जुन्या पाहुण्यांनी काजळीने लिहिलेली नावंही आहेत. जॉन स्मिथचे भाऊबंद सगळीकडे!

ला रोक साँ-क्रिस्तोफ हा नदीकाठचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा कडा. त्याच्या कपारींत आदिमानवापासून मध्ययुगापर्यंत माणसं राहिली. साँ-लेओं हे नदीकाठचं टुमदार गाव आहे, तिथे जुनं दगडी चर्च आहे. आणि लेझेझी गावात 1868 मध्ये खोदकाम करताना सापडलेल्या सांगाड्यांमुळे 'क्रो-मॅन्यो' हे नाव जगाला मिळालं. तिथे आता प्रागैतिहासिक काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. यातलं बरंचसं सायकलने किंवा कनूने जोडता येतं.

आणि लास्कोच्या टेकडीवर गेलात, तर झाडीत कुठेतरी एक बंद दार आहे. त्याच्यामागे अंधारात ते बैल आहेत, बघायला कोणी नाही. मला विचाराल तर त्या गावाची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे ते बंद दार. पुढच्या ट्रिपला कुठे 'प्रवेश बंद'ची पाटी दिसली, की चिडण्याआधी दोन मिनिटं लास्को आठवा.

तुमच्या ओळखीचं असं एखादं ठिकाण आहे का, जे गर्दीने बिघडतंय? गड, लेणं, देवराई, काहीही. आम्हाला जरूर कळवा, त्यातून एखादा भाग नक्की करू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटूया पुढच्या भागात!