महाभारताची ‘फायनल’ प्रत

पीएचडीच्या शेवटच्या महिन्यांत मार्गदर्शकांनी सहज विचारलं, “हा तिसरा आलेख परत काढून दाखवतेस?” माझ्याकडे ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘फायनल-खरंच’ अशा तीन फायली होत्या. तिन्हींतून वेगवेगळे आलेख निघाले, प्रबंधातला मात्र एकीतूनही निघेना. कधीतरी काहीतरी बदललं होतं, पण काय आणि का, ते मलाच आठवत नव्हतं.

आता मी हर्नडनला राहते. व्हर्जिनियातलं, डलस विमानतळाजवळचं हे छोटं गाव. इथले माझे सॉफ्टवेअरवाले शेजारी गिट वापरतात, म्हणजे प्रत्येक बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद ठेवता येते. संशोधक मित्रांना मी हेच सुचवते, तेव्हा ठरलेलं उत्तर येतं: “ते प्रोग्रॅमर लोकांचं. आपल्याला कशाला?”

मग मी त्यांना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची गोष्ट सांगते.

१९१९ साली संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. अडचण तुमच्या-माझ्या फोल्डरसारखीच होती, फक्त हजारो पटींनी मोठी. शतकानुशतकं लेखनिकांनी नकला करताना शब्द बदलले, श्लोक घातले, आणि बहुतेकांनी त्याची नोंद ठेवली नाही. सतराव्या शतकात मूळच्या कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून त्यांतले उत्तम वाटले ते पाठ निवडले. काम मोठंच. पण कोणता पाठ कुठल्या पोथीतून घेतला, हे बहुतेक ठिकाणी आपल्याला कळत नाही.

१९२३ मध्ये ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली. १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आलं. केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस. त्यांच्या हाताखाली कामाची पद्धत बसली ती बघा. आखलेल्या फुलस्केप कागदावर वरच्या ओळीत प्रचलित श्लोक ठळक अक्षरांत लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. जिथे पाठ वेगळा असेल, तिथे तेवढाच फरक, अक्षराखाली अक्षर. उजवीकडे शेऱ्यांसाठी रकाना. एका गटानं केलेली नोंद दुसरा गट तपासणार. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावरलाही हे काम चाले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे. संपादकांनी जे नाकारलं, ते फेकलं नाही. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली कथा सुकथनकरांनी मूळ संहितेतून काढली. ती गेली कुठे? परिशिष्टात. लहान प्रक्षिप्त श्लोक क्रमांक आणि ताऱ्याची खूण लावून तळटीपेत ठेवले. संहितेतला जो शब्द निःशंक वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेघ. म्हणजे संपादक स्वतःच सांगतोय, इथे माझी खात्री नाही. तुम्हाला निर्णय पटला नाही, तर तो उलटवण्याचं सामान त्याच ग्रंथात आहे.

याचा उपयोग लगेच दिसला. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळमधून एक फार जुनी पोथी मिळाली. सुकथनकरांनी ती छापील पानांशी ताडून पाहिली आणि आपले अनेक निर्णय तिच्यात खरे ठरल्याचं दाखवून दिलं. नोंदच नसती, तर ताडायचं कशाशी?

सुकथनकर १९४३ मध्ये गेले. काम थांबलं नाही, कारण ते त्यांच्या डोक्यात नव्हतं, कागदावर होतं. १९६६ मध्ये ते संपलं, तोवर एकूण १,२५९ हस्तलिखितं ताडून झाली होती.

तुम्ही म्हणाल, गिट शिकायला वेळ लागतो. लागतो. पहिला आठवडा वैतागाचा असतो, आणि मोठ्या डेटा-फायलींशी त्याचं फारसं पटत नाही, हेही खरं. पण लेखनिकांनी न लिहिलेल्या नोंदी मागाहून खोदून काढायला ४७ वर्षं लागली. आपल्याला त्या वेळच्या वेळी लिहिता येतात, दर बदलाला एक ओळ.

आज एकच फोल्डर घ्या. पहिल्या नोंदीत काय बदललं एवढंच लिहू नका, का बदललं तेही लिहा. माझ्या तिसऱ्या आलेखापाशी नेमकी तीच ओळ नव्हती.